अळी शिकली, डासही शिकला... आपण?

पोळा आटोपला, की आपल्या यवतमाळ जिल्ह्यात शेतोशेती फवारणी सुरू होते आणि घरोघरी तापाची माणसं दिसू लागतात. या दोन गोष्टींचं एकमेकींशी काही नातं असेल, असं आपल्या मनातही येत नाही. पण ते आहे, मैत्रिणींनो.

२००२ साली बीटी कापसाला परवानगी मिळाली, तेव्हा बोंडअळीची कटकट गेली असंच सगळ्यांना वाटलं. पण गुलाबी बोंडअळी हळूहळू त्या बियाण्याला सरावली. रसशोषक किडी तर होत्याच. मग फवारे वाढले, एका औषधात दुसरं मिसळणं वाढलं. २०१७ साली डोक्याएवढ्या पऱ्हाटीत फवारणी करताना जिल्ह्यातल्या शेकडो जणांना विषबाधा झाली. वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. तेव्हा बोललं गेलं ते पाठीवर पंप घेणाऱ्याबद्दल. फवाऱ्यासाठी पाणी वाहणारी, रात्री ते कपडे धुणारी, दुसऱ्या दिवशी त्याच शेतात निंदायला जाणारी बाई मात्र कुणाला आठवली नाही.

जे अळीचं, तेच डासाचं. पिकावर मारायची आणि डासांवर मारायची औषधं पुष्कळदा एकाच जातकुळीची असतात. शेतातलं औषध पावसासोबत पाटात, डबक्यात उतरतं. तिथल्या डासांच्या अळ्यांपैकी ज्या चिवट त्याच वाचतात आणि पुढची पिढी त्यांचीच होते. खेड्यापाड्यात हिवताप पसरवणारा डास डीडीटीला आणि मॅलाथिऑनला असाच सरावला.

डेंगी आणि चिकुनगुनियाचा डास तर आपल्या घरातच वाढतो, तोही स्वच्छ, साठवलेल्या पाण्यात. २००६ साली चिकुनगुनियानं राज्यात किती जणांचे सांधे धरले, ते आठवा. नळ रोज येत नाही, म्हणून आपण ड्रम भरून ठेवतो. २०१८ च्या उन्हाळ्यात यवतमाळ शहरानं पाण्याचे जे हाल सोसले, त्यानंतर तर साठवल्याशिवाय जीव थाऱ्यावर राहत नाही. त्यात बाईचा काय दोष? पण धुराची गाडी फक्त उडते डास मारते, ड्रममधल्या अळ्या तशाच राहतात. शिवाय या डासाची अंडी भांड्याच्या कडेला चिकटून महिनोन् महिने कोरडी टिकतात. म्हणून आठवड्यातून एक दिवस ड्रम, टाकी रिकामी करून आतून खसखसून घासायची, वाळवायची, मगच भरायची. वर कापड घट्ट बांधायचं.

औषधाचा रिकामा डबा कितीही धुतला, तरी पाण्याला वापरू नका. फवाऱ्याचे कपडे वेगळे धुवा. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईनं फवारलेल्या शेतात जाऊ नये. फवारणीनंतर कुणाला मळमळलं, दरदरून घाम सुटला, तोंडाला लाळ आली, डोळ्यांपुढे अंधुक झालं, तर ‘ताप असेल’ म्हणून घरी झोपवू नका. कपडे काढून अंग साबणानं धुवा आणि औषधाचा डबा सोबत घेऊन लगेच दवाखाना गाठा.

आणि पुढच्या ग्रामसभेत नुसतं मागे बसून येऊ नका. मजुराला हातमोजे, तोंडाला मास्क कोण देणार, नळाला पाणी नेमानं कधी येणार, हे विचारा. नुसती फवारणी वाढवून भागत नाही, हे अळीनं आणि डासानं आपल्याला केव्हाच दाखवलंय.