विश्लेषण: सिंहस्थात एआय कॅमेरे गर्दी मोजतील, पण पुढे काय? नाशिकच्या रमेश रासकरांचं काम काय सांगतं?

नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या सिंहस्थाचं पहिलं अमृतस्नान 2 ऑगस्ट 2027 ला आहे. गर्दीवर लक्ष ठेवण्यासाठी एआय कॅमेऱ्यांची चर्चा जोरात आहे. अशा वेळी एका मूळच्या नाशिककराचं काम पाहायला हवं. ते म्हणजे अमेरिकेतल्या एमआयटी मीडिया लॅबचे प्राध्यापक रमेश रासकर.

कोण आहेत रासकर?

पुण्याच्या सीओईपीतून इंजिनिअरिंग, नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठातून पीएचडी, काही वर्षं मित्सुबिशीच्या प्रयोगशाळेत संशोधन आणि 2008 पासून एमआयटी. विषय कम्प्युटर व्हिजन, म्हणजे यंत्राला 'बघायला' शिकवणं.

2011 मध्ये त्यांच्या गटाने सेकंदाला एक लाख कोटी फ्रेम्स इतक्या वेगाने प्रकाशाचा प्रवास टिपला. (हे एका झटक्यात होत नाही. तोच प्रकाशझोत पुन्हा पुन्हा सोडून चित्र जुळवावं लागतं.) पुढच्याच वर्षी भिंतीवरून परतणाऱ्या प्रकाशाच्या आधारे कोपऱ्यापलीकडची वस्तू ओळखता येते, हे त्यांनी दाखवलं.

पण सामान्य माणसाच्या जवळचं काम वेगळंच आहे. 'नेत्रा' हे मोबाइलच्या स्क्रीनवर बसवायचं छोटं उपकरण. त्यातून बघत दोन रेषा एकमेकींवर आणायच्या, त्यावरून चष्म्याचा नंबर निघतो. महागडं यंत्र नको. 2016 मध्ये रासकरांना पाच लाख डॉलरचा लेमेलसन-एमआयटी पुरस्कार मिळाला.

कुंभाशी संबंध काय?

27 ऑगस्ट 2003 रोजी नाशिकच्या कुंभात चेंगराचेंगरी होऊन 39 भाविकांचा जीव गेला. 2015 च्या सिंहस्थाआधी रासकरांच्या पुढाकाराने नाशिकमध्ये 'कुंभथॉन' सुरू झालं. विद्यार्थी, डॉक्टर, अधिकारी एकत्र बसून शहराचे प्रश्न मांडायचे आणि त्यावर उपकरणं बनवायचे.

त्यातून आलेलं 'आशियोतो' पाहण्यासारखं आहे. जगातला वेगवान कॅमेरा बनवणाऱ्या प्राध्यापकाच्या या उपक्रमात शाळकरी मुलाने गर्दी मोजायला बनवली ती चटई! पाय पडला की दाबाची नोंद होते आणि किती माणसं पुढे गेली, ते कळतं.

2015 चा सिंहस्थ चेंगराचेंगरीविना पार पडला. त्याचं श्रेय चटईला देणं भाबडेपणाचं ठरेल. नवे घाट आणि पोलीस बंदोबस्त यांचाही त्यात वाटा होता.

मग कॅमेरे पुरेसे नाहीत का?

दाट गर्दीत माणसं एकमेकांना झाकतात, त्यामुळे डोकी एकेक मोजता येत नाहीत. सॉफ्टवेअर चित्रावरून घनतेचा अंदाज बांधतं. चौरस मीटरमध्ये पाच-सहा माणसं झाली की पावलांवरचा ताबा सुटतो, लोंढाच माणसाला ढकलतो. म्हणजे इशारा त्याच्या बराच आधी यायला हवा आणि तो आल्यावर रस्ता बंद करण्याचा अधिकार जागेवरच्या अधिकाऱ्याकडे हवा.

प्रयागराजमध्ये एआय कॅमेरे होतेच. तरी 29 जानेवारी 2025 च्या पहाटे, मौनी अमावास्येला, सरकारने तेव्हा जाहीर केल्यानुसार 30 भाविक दगावले.

नाशिकमध्ये अडचण आणखी आहे. रामकुंडाकडे जाणारे जुन्या पंचवटीतले रस्ते अरुंद आहेत. तिथे आकडा लाल झाला, तर मागून येणाऱ्यांना कुठे वळवायचं, याचा नकाशा कॅमेऱ्यांच्या निविदेआधी ठरायला हवा.