सात दिवसांची सेवा

आषाढी वारीच्या दिवसांत श्रीतुकोबारायांची पालखी बारामतीहून सणसर, निमगाव केतकी, इंदापूर असा मार्ग आक्रमीत सराटीस नीरेच्या तीरी पोहोचते. दिंड्या पुढे गेल्या की मुक्कामाच्या तळावर पत्रावळी आणि कचरा मागे राहतो. तो उचलण्यास अलीकडे राष्ट्रीय सेवा योजनेचे विद्यार्थी हाती खराटे घेऊन पुढे येतात, ही गोष्ट खचितच अभिनंदनीय होय. परंतु पालखी पंढरीस गेल्यावर, याच मुलुखातील वरकुट्यासारख्या गावास वर्षाच्या उरलेल्या दिवसांत तरुणांच्या सेवेचा किती लाभ होतो, हा प्रश्न विचारल्यावाचून आम्हांस राहवत नाही.

राष्ट्रीय सेवा योजना २४ सप्टेंबर १९६९ रोजी, महात्मा गांधींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, ३७ विद्यापीठांत सुरू झाली. स्वयंसेवकाने दोन वर्षांत २४० तास, म्हणजे वर्षास १२० तास, समाजाचे काम करावे आणि शिवाय सात दिवसांचे एक शिबिर करावे, अशी तिची आखणी. या आखणीत १२० तास हा देह आहे आणि शिबिर हा त्यावरचा अलंकार. व्यवहारात मात्र पुष्कळदा अलंकारच उरतो. शिबिर भरते, गटार उपसले जाते, रोपे लागतात, पाहुण्यांची भाषणे होतात, छायाचित्रे निघतात. पुढील उन्हाळ्यात गटार पुन्हा तुंबलेले असते आणि पाण्यावाचून रोपे जळालेली असतात.

हा दोष केवळ विद्यार्थ्यांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. गावातील वडीलधाऱ्यांना तरुणांची आठवण केव्हा होते? जत्रेचा मांडव घालावयाचा असतो तेव्हा, फलक लावावयाचे असतात तेव्हा, आणि निवडणुकीच्या सभेनंतर सतरंज्या उचलावयाच्या असतात तेव्हा. ज्यांस आपण केवळ सतरंज्या उचलावयास शिकविले, त्यांनी गावाचा भार उचलावा ही अपेक्षा कोणत्या तोंडाने करावयाची?

१२० तास म्हणजे आठवड्यास जेमतेम सव्वादोन तास. नोकरीच्या शोधात असलेल्या वा भरतीच्या परीक्षेसाठी पहाटे धावणाऱ्या तरुणासही एवढा वेळ जड जाऊ नये. एकाने दर शनिवारी शाळेतील, वाचनात मागे पडलेल्या चार मुलांना जवळ बसवून वाचावयास लावावे. दुसऱ्याने संजय गांधी निराधार वा श्रावणबाळ योजनेच्या लाभार्थी वृद्धांची कागदपत्रे पाहावी. हयातीचा दाखला वेळेवर न पोहोचल्याने एखाद्या म्हातारीचे अनुदान थांबते, तेव्हा तिला इंदापूरच्या कचेरीत नेणारा नातू पुण्यास कामाला असतो. तिसऱ्याने ठरलेल्या तारखेस गावातील चार विहिरींतील पाण्याची पातळी मोजून ती ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहावी. नदीकाठी ऊस आणि माळावर टंचाई अशा या तालुक्यात, उन्हाळ्यापूर्वी तो आकडा डोळ्यांपुढे असणे लहान गोष्ट नव्हे.

गाडगेबाबा गावात पाऊल टाकताच प्रथम झाडू हाती घेत आणि मग रात्री कीर्तनास उभे राहत. त्यांच्या नावाने २००० साली ग्रामस्वच्छता अभियान निघाले. पुढे २०१६ ते २०१९ या उन्हाळ्यांत पाणी फाउंडेशनच्या स्पर्धेसाठी गावोगावी हजारो हात कुदळ-फावड्यास लागले. महाराष्ट्राच्या तरुणास श्रमाचा कंटाळा आहे, असे म्हणावयास जागा नाही. परंतु बक्षीस वाटले गेल्यावर, आखलेला बांध पावसात फुटल्यावर, तो दुरुस्त करण्यास कोण जातो, यावरच सेवेची परीक्षा होत असते.

आमची सूचना साधी आहे. येत्या ग्रामसभेत वरकुटेकरांनी आपल्या गावाची वर्षभर चालणारी चार-पाच कामे ठरवावी, प्रत्येक कामापुढे तरुण-तरुणींची नावे मांडावी आणि दर तीन महिन्यांनी त्यांस हिशेब विचारावा. महाविद्यालयांनीही शिबिराच्या छायाचित्रांऐवजी त्या हिशेबाच्या वहीवरून प्रमाणपत्रे द्यावी. ज्याला हिशेब विचारला जातो, त्याच्यावर विश्वास टाकलेला असतो, आणि तरुण त्या विश्वासाचाच भुकेला आहे.