चिमणीमागचे क्रिकेट

क्रिकेट म्हटले की आपल्या मंडळात गप्पा कुठे जातात ते सांगायला नको. आज आम्ही लिहितो आहोत ते क्रिकेट मात्र छपरावरचे. चिमणीच्या मागे, आढ्याच्या बाजूला, बांधलेला हा छोटा दुपाखी उंचवटा. वरून आलेले पाणी त्यावर दोन बाजूंना फुटते आणि चिमणीला वळसा घालून खाली पन्हळीत जाते. काही कारागीर त्याला सॅडल म्हणतात.

आमच्या घराला ते नव्हते. न्यू जर्सीतले जुने घर. घेताना आम्ही शाळा पाहिली, किचन पाहिले, देवघराला ईशान्य कोपरा मिळतो का तेही पाहिले. चिमणीच्या मागे कोण बघतो? दुसऱ्याच हिवाळ्यात छताला चहाच्या डागासारखे वर्तुळ उमटले. खोली आईची. सहा महिन्यांसाठी आलेली आई रात्री पातेले लावून झोपायची आणि आम्हाला वाईट वाटेल म्हणून बोलायची नाही. छपरवाल्याने डांबर फासले, पैसे घेतले. पुढच्या मार्चमध्ये पुन्हा डाग, पुन्हा डांबर. असे तीनदा झाले.

रसायनशास्त्रात डॉक्टरेट घेऊन आम्ही हे तीनदा होऊ दिले, याची लाज वाटते. डांबर उन्हाने आणि हवेतल्या ऑक्सिजनने कडक होते, थंडीत चिरते. चिरेत शिरलेले पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगते आणि चीर रुंदावते. शिवाय रुंद चिमणी म्हणजे उतारावर घातलेला बांधच. तिच्यामागे पाणी, पाने, बर्फ साचणारच. आढ्याचे पाणी वळचणीला जायचेच. आपण वाट दिली नाही तर ते आपल्या छतातून जाते.

बहुतेक राज्यांचे घरबांधणीचे नियम ज्यावर आधारलेले आहेत, त्या इंटरनॅशनल रेसिडेन्शियल कोडप्रमाणे चिमणी आढ्याला समांतर ३० इंचांहून रुंद असेल आणि आढ्यावरच नसेल, तर क्रिकेट हवेच. पण हा कोड प्रथम निघाला २००० साली, आणि आपल्यापैकी अनेकांची घरे त्याआधीची. उंचीचा हिशेब सोपा आहे. उतार १२ इंचांना ६ इंच असेल तर उंची रुंदीच्या पाव. आमची चिमणी ३६ इंच, म्हणून क्रिकेट ९ इंच उंच.

प्लायवूडच्या सांगाड्यावर चिकट मेम्ब्रेन, त्यावर पत्रा. चिमणी आणि छप्पर वेगवेगळे हलतात, म्हणून पत्र्याचे भाग दोन: खालचा छपराला, वरचा विटांच्या सांध्यात खोचलेला, एकमेकांवर नुसते चढलेले. हा वरचा पत्रा साध्या ॲल्युमिनियमचा नको. ओल्या मॉर्टरमधला चुना त्याचा संरक्षक थर खातो. तांबे उत्तम, पण ते ॲल्युमिनियमला टेकू देऊ नका.

“वर्षातून दोनदा पेटणाऱ्या फायरप्लेससाठी एवढा खर्च कशाला?” असे एका स्नेह्यांनी विचारले. रास्त आहे. फर्नेसचा धूर त्याच चिमणीतून जात नसेल, तर ती छपराखालपर्यंत उतरवून वर छप्पर सलग करणे हाही चांगला मार्ग. चौथ्यांदा डांबर मात्र नको.

आमची खरी तक्रार आपल्या सर्वांविरुद्ध आहे, आमच्यासकट. पॉटलकला आपण नव्या ग्रॅनाइटचे कौतुक करतो, गळक्या छताबद्दल चकार शब्द काढत नाही. आमचे काम झाल्यावर कळले की मंडळातल्याच आणखी दोन घरी हाच प्रकार होता, आणि एका घरी तर डांबरवालाही तोच! पोळ्या कुठे चांगल्या मिळतात हे आपण फोन करून विचारतो, हेही विचारावे. संपादकांनी या अनुभवांना दर अंकात अर्धे पान द्यावे अशी आमची विनंती आहे.

घर घेणार असाल तर इन्स्पेक्टरकडून चिमणीच्या मागचा फोटो मागून घ्या. घर घेतलेले असेल तर जोराच्या पावसानंतर टॉर्च घेऊन माळ्यावर जा आणि चिमणीलगतचे लाकूड काळे पडले आहे का पाहा. छपरावर मात्र स्वतः चढू नका.