शंभर आठवड्यांचा हिशेब

शनिवारी दुपारी शाळेतून परतलेल्या मुलाला ‘या आठवड्यात वर्गात काय शिकलास?’ असा प्रश्न विचारणारी घरे आपल्याकडे किती असतील? डबा संपवलास का, गणवेश कुठे मळवलास, बाईंनी काही लिहून दिले आहे का, हे आपण आवर्जून विचारतो. सहामाहीला किती गुण पडले याची चौकशी तर शेजारीपाजारीही करतात. परंतु सोमवारी शाळेत गेलेले मूल शनिवारी घरी आले तेव्हा त्याच्या ज्ञानात नेमकी कोणती भर पडली होती, हा साधा प्रश्न घरातही विचारला जात नाही आणि शाळेतही सहसा विचारला जात नाही. अभ्यासक्रम किती ‘झाला’ हे सर्वांना ठाऊक असते. मुलाला किती ‘आला’ हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. प्राथमिक शिक्षणाचे सारे दुखणे या दोन क्रियापदांमधील अंतरात साठलेले आहे.

हे अंतर मोजण्यासाठी आधी थोडा हिशेब मांडू. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्काचा कायदा २००९ साली झाला. त्याच्या अनुसूचीप्रमाणे पहिली ते पाचवीच्या वर्गांसाठी वर्षाला किमान २०० दिवस शाळा भरली पाहिजे आणि ८०० तास अध्यापन झाले पाहिजे. सहा दिवसांचा आठवडा धरला तर वर्षाचे सुमारे ३३ आठवडे होतात. पहिल्या तीन इयत्तांचे मिळून जेमतेम १००. वाचणे, लिहिणे, मोजणे या तिन्ही विद्यांचा पाया याच शंभर आठवड्यांत घातला जावयाचा असतो. २०२१ च्या जुलैत केंद्र शासनाने सुरू केलेल्या ‘निपुण भारत’ अभियानाने तिसरीच्या अखेरीचे लक्ष्य स्पष्ट शब्दांत सांगितले आहे: मुलाने मिनिटाला किमान ६० शब्द अर्थ समजून वाचावेत, ९९९९ पर्यंतच्या संख्या वाचाव्यात व लिहाव्यात, साध्या गुणाकाराची उदाहरणे सोडवावीत. हे उद्दिष्ट देशभर गाठण्यासाठी २०२६-२७ हे वर्ष ठरविण्यात आले. शंभरातला एक आठवडा वाया गेला तर शेकडा एक टक्का पाया कच्चा राहिला, असे समजावयास हरकत नाही.

हा हिशेब कोणत्या वर्गात सर्वांत कठीण जातो हे पाहावयाचे असेल, तर आम्ही वाचकांना किनारा सोडून थोडे दूर, मध्य प्रदेशातील बालाघाट जिल्ह्यात येण्याची विनंती करतो. मराठवाड्यातील बालाघाटची डोंगररांग ती निराळी. हा बालाघाट सातपुड्याच्या कुशीत, वैनगंगेच्या काठी, गोंदिया आणि भंडाऱ्याला लागून आहे. ‘बालाघाट’ म्हणजे घाटावरचा मुलूख. आपण पिढ्यान्‌पिढ्या घाटाखालचे, ते घाटावरचे. तरी दोघांचेही पोट भातावर! तिथल्या चिन्नोर तांदळाला २०२१ मध्ये भौगोलिक निर्देशांकाचा मान मिळाला. २०११ च्या जनगणनेत या जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे १०२१ स्त्रिया नोंदल्या गेल्या आणि साक्षरता सुमारे ७७ टक्के, म्हणजे मध्य प्रदेशाच्या सरासरीहून बरीच वर, होती. तेव्हा हा कोणी मागासलेला, शिक्षणाला विन्मुख मुलूख आहे असा समज कोणी करून घेऊ नये. मुलांना शाळेत घालणारा हा जिल्हा आहे. प्रश्न शाळेत घातल्यानंतरचा आहे.

इंग्रजी अमदानीत बालाघाट नागपूर विभागात मोडत असे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, विदर्भाचे आठ जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात गेले आणि बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. नकाशावरील रेघ एका रात्रीत बदलली, पण माणसांच्या तोंडची बोली रेघेप्रमाणे बदलत नसते. वारासिवनी, कटंगी, खैरलांजीच्या सपाटीवर आजही कोणाच्या घरी पोवारी बोलतात, कोणाच्या घरी मराठी. बैहरच्या पठारावर गोंडांची गोंडी आहे, जी कुळाने द्राविडी. तर बैगांची बोली छत्तीसगढीच्या जवळची. शाळेची भाषा मात्र प्रमाण हिंदी. पोवारी तर जनगणनेतही हिंदीच्या पोटात मोजली जाते. कागदावर ज्या मुलाची मातृभाषा आणि शाळेची भाषा एकच आहे, ते प्रत्यक्षात पहिल्या दिवशी वर्गात बसते तेव्हा बाईंच्या बोलण्यातले निम्मे शब्द त्याच्या ओळखीचे नसतात. गोंडी घरातल्या मुलाची स्थिती तर याहून बिकट असणार, हे सांगावयास नको.

एका साध्या शब्दाचे उदाहरण घ्या. सत्तरीतले किंवा कणकवलीकडचे मूल शेतात डोलते त्याला भात म्हणते आणि ताटात वाढतात त्यालाही भातच म्हणते. वैनगंगेच्या खोऱ्यात मात्र शेतात डोलते ते धान आणि ताटातला तो भात. ज्या बांध घातलेल्या तुकड्यात ते पिकते ती बांधी. आता मराठी क्रमिक पुस्तकात ‘भाताचे शेत’ असे चित्राखाली छापले, तर आपल्या मुलाला त्यात नवल वाटणार नाही, पण भंडाऱ्याकडचे मूल क्षणभर थबकेल; त्याला ताटातला भात शेतात सांडलेला दिसेल. उलट हिंदी पुस्तकातले ‘धान’ त्याला एकदम जवळचे वाटेल आणि पुढच्याच ओळीतल्या एखाद्या अनोळखी शब्दावर ते पुन्हा अडखळेल. तेव्हा हा हिंदी आणि मराठी यांच्यामधला तंटा नाही. तो घरचा शब्द आणि पुस्तकातला शब्द यांच्यामधल्या अंतराचा प्रश्न आहे, आणि तो प्रमाण मराठीत शिकवणाऱ्या शाळेलाही तितकाच लागू आहे.

हे अंतर ज्या वर्गात ओळखले जात नाही, तिथे एक विलक्षण दृश्य दिसते. मूल अक्षरे ओळखते, काना-मात्रा लावते, वाक्य खणखणीत आवाजात म्हणून दाखवते, आणि ‘आता काय वाचलेस ते सांग’ म्हटले की गप्प बसते. तपासावयास आलेला अधिकारी वाचन ऐकून समाधानाने सही करतो. ज्याला आपण वाचन समजलो तो केवळ उच्चार होता, हे दोन-तीन वर्षांनी, गणिताचे शाब्दिक उदाहरण समोर आल्यावर उमगते. तोवर शंभर आठवडे संपलेले असतात. ‘असर’ या ग्रामीण शैक्षणिक पाहणीचे आकडे या संदर्भात डोळ्यांत अंजन घालणारे आहेत. देशाच्या ग्रामीण भागातील सरकारी शाळांत तिसरीत शिकणाऱ्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा उतारा वाचू शकणारी मुले २०१८ मध्ये शेकडा २०.९ होती. महामारीत शाळा बंद राहिल्यानंतर, २०२२ मध्ये, ती १६.३ वर घसरली आणि २०२४ मध्ये २३.४ वर आली. सुधारणा झाली, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु चारांतली तीन मुले अजून उंबरठ्याबाहेर उभी आहेत, हेही तोच आकडा सांगतो.

मध्य प्रदेशात ‘निपुण भारत’चे काम ‘मिशन अंकुर’ या नावाने चालते. पहिल्या तीन इयत्तांवर लक्ष एकवटणे आणि अध्यापनाचे टप्पे लहान लहान करून आखणे, ही या प्रयत्नांची दिशा योग्यच आहे. वर्षाच्या शेवटी एकदम जागे होण्यापेक्षा दर आठवड्याला मागे वळून पाहणे केव्हाही श्रेयस्कर. मात्र आठवड्याचे नियोजन हे दुधारी शस्त्र आहे. शिक्षकाच्या हाती ते मुलाची नाडी पाहण्याचे साधन ठरू शकते. कार्यालयाच्या हाती तेच रकाने भरण्याचे निमित्त होते. ‘अमुक आठवडा, अमुक पाठ पूर्ण’ अशी नोंद झाली की पुढचा आठवडा सुरू होतो, मग मागल्या बाकावरचे मूल कुठल्याही आठवड्यात अडकलेले असो. नियोजनाने मुलाची वाट पाहिली पाहिजे; मुलाने नियोजनामागे फरफटत जाणे हे शिक्षण नव्हे.

यावर उपाय काय, असे विचारणाऱ्यांना आम्ही सांगू, की तो शोधण्यास विलायतेला जावयास नको. १९३७ च्या ऑक्टोबरात गांधीजींच्या पुढाकाराने शिक्षणपरिषद भरली ती वर्ध्याला, म्हणजे बालाघाट ज्या प्रांतात होता त्याच मध्यप्रांतात. सात वर्षांचे सक्तीचे शिक्षण मातृभाषेतून आणि हाताच्या कामातून द्यावे, हा विचार तिथे मांडला गेला. आपल्या किनाऱ्याजवळचे उदाहरण तर याहून बोलके आहे. १९४५ मध्ये ताराबाई मोडकांनी बोर्डीला ग्रामबालशिक्षणाचे काम आरंभिले आणि अनुताई वाघांच्या साथीने ते पुढे कोसबाडच्या टेकडीवर नेले. वारली मुले शाळेत येत नाहीत असे दिसल्यावर त्यांनी मुलांना दोष दिला नाही. शाळाच त्यांच्या अंगणात नेली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात शाळा भरवली. खडे, पाने, बिया, शिंपले हीच शिक्षणाची साधने झाली. मुलाला आधीपासून जे येते तिथूनच आरंभ करावयाचा, हे एकच सूत्र त्यामागे होते. बैहरच्या बैगा मुलाला झाडापानांची जितकी नावे ठाऊक असतात तितकी त्याच्या शिक्षकाला क्वचितच ठाऊक असतील. हे मूल वर्गात कोरी पाटी घेऊन येत नाही. त्याची पाटी भरलेली असते. आपल्याला ती वाचता येत नाही, एवढेच.

यावर दोन आक्षेप हमखास घेतले जातात आणि ते टाकाऊ नाहीत. पहिला असा की एका शिक्षकाला चार बोली कशा येणार? दुसरा असा की उद्या नोकरीधंद्यासाठी हिंदी आणि इंग्रजीच उपयोगी पडणार, मग घरच्या बोलीत वेळ कशाला दवडावा? पहिल्याचे उत्तर असे, की शिक्षकाने चार भाषांत पारंगत व्हावे अशी अपेक्षाच नाही. वर्गातल्या वस्तू, क्रिया, नाती यांचे शे-दोनशे शब्द मुलांच्या बोलीत जाणून घेणे, ते फळ्यावर प्रमाण शब्दाशेजारी लिहिणे आणि मुलाने घरच्या भाषेत उत्तर दिले तर ते चूक न ठरविणे, एवढे कोणत्याही मनःपूर्वक शिकवणाऱ्या माणसाला साध्य आहे. यासाठी गावातल्या जाणत्या बायाबापड्यांची मदत घेता येते. दुसऱ्याचे उत्तर असे, की घरची भाषा ही पुढच्या भाषेच्या वाटेवरची भिंत नव्हे, पायरी आहे. पहिल्या भाषेत ज्याला ‘वाचणे म्हणजे समजणे’ हे उमगले, त्याला दुसरी भाषा लवकर येते. पायरी वगळून माडीवर उडी मारावयास लावलेल्या मुलाचे काय होते, हे वर दिलेल्या आकड्यांवरून दिसतेच आहे.

कायदाही याच बाजूचा आहे. १९५६ च्याच सातव्या घटनादुरुस्तीने आलेला अनुच्छेद ३५०-क भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षणाच्या पुरेशा सोयी पुरवाव्यात, असे राज्यांना सांगतो. २००९ चा कायदा शक्य तेथवर मातृभाषा हेच माध्यम असावे असे म्हणतो, आणि २०२० चे राष्ट्रीय धोरण किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेचा आग्रह धरते. सत्तर वर्षे कागद एकच सांगत आले आहेत. ‘शक्य तेथवर’ या दोन शब्दांच्या आडोशाला मात्र साऱ्यांनी विसावा घेतला आहे.

आणि दूरच्या बालाघाटला उपदेश करताना आपण आपल्या अंगणात पाहिलेच पाहिजे. गोव्यात १९९० मध्ये प्रादेशिक भाषांतील प्राथमिक शाळांनाच अनुदान देण्याचे धोरण आले, २०११ मध्ये ते इंग्रजी माध्यमासाठीही खुले झाले आणि त्यावरून राजकारण ढवळून निघाले. महाराष्ट्रात १६ एप्रिल २०२५ च्या शासननिर्णयाने पहिलीपासून हिंदी सक्तीची केली आणि प्रक्षोभ होताच २९ जूनला त्या विषयीचे निर्णय मागे घेण्याची घोषणा झाली. हे वाद क्षुल्लक होते असे आम्ही म्हणणार नाही. परंतु मोर्चे, सभा आणि पत्रकांच्या त्या गदारोळात, ज्या भाषेसाठी आपण भांडतो आहोत त्या भाषेतून आपले मूल गेल्या आठवड्यात काय शिकले, हे कितीजणांनी विचारले?

म्हणून आमचे सांगणे थोडक्यात असे. प्रत्येक प्राथमिक शाळेच्या भिंतीवर, पालकांना कळेल अशा भाषेत, ‘या आठवड्यात आम्ही काय शिकलो’ याच्या चार ओळी लिहिल्या जाव्यात. मुलाची तपासणी उच्चाराची नव्हे, आकलनाची व्हावी. कायद्याने शिक्षकाच्या आठवड्याचे ४५ तास ठरवताना पूर्वतयारीही त्यात धरली आहे. ती करण्यास त्याला खरोखर सवड मिळावी आणि अशैक्षणिक कामांचा बोजा त्याच्या शिरावर चढू नये. मागे पडलेल्या मुलासाठी आठवड्यातला एक दिवस पुढे न जाता मागे येण्यासाठी राखावा. यासाठी कोणत्याही मोठ्या निधीची गरज नाही.

दसऱ्याला आपण पाटीवर सरस्वती काढून तिची पूजा करतो. ती पूजा वर्षातून एकदा होते आणि छान होते. उरलेल्या आठवड्यांत त्या पाटीवर काय उमटते हे पाहणे, ही त्याच देवतेची खरी सेवा आहे. वैनगंगेकाठचे मूल असो की मांडवीकाठचे, दोघांनाही शंभरच आठवडे मिळतात, आणि सरलेला आठवडा कोणतेही शासन परत आणून देऊ शकत नाही. येत्या शनिवारी मूल घरी आले की डब्याआधी तो एक प्रश्न विचारून पाहावा.