स्मरणरंजनातील घर आणि संहितेतील घर

२०१८ साली अमेरिकन ग्रंथालय संघाच्या बालविभागाने बालसाहित्यासाठी दिल्या जाणाऱ्या आपल्या एका मानाच्या पुरस्काराचे नाव बदलले. १९५४ साली सुरू झालेला आणि पहिल्या वेळी खुद्द लॉरा इंगल्स वाइल्डर यांनाच दिला गेलेला हा पुरस्कार तोवर त्यांच्याच नावाने ओळखला जात असे. मूळ रहिवासी आणि कृष्णवर्णीय यांच्याविषयी वाइल्डर यांच्या पुस्तकांतून व्यक्त होणारी दृष्टी विभागाच्या मूल्यांशी जुळत नाही, हे त्यामागचे कारण होते. निर्णयाला विरोध झाला. त्या विरोधाचा सूर मात्र ध्यानात घेण्याजोगा होता. पुस्तकांच्या बाजूने युक्तिवाद करण्यापेक्षा स्वतःच्या बालपणाची बाजू मांडणे अनेकांना अधिक निकडीचे वाटत होते. पोटमाळ्यावर साठवलेल्या भोपळ्यांची खुर्च्या-मेजे करून खेळणाऱ्या बहिणी, रात्री वडिलांच्या फिडलचे सूर, बाहेर लांडगे आणि आत शेगडीची ऊब. हे सारे आमचे आहे, त्याला हात लावू नका, असे या म्हणण्याचे सार होते. या ‘आमचे’मध्ये कोणाकोणाचा समावेश होतो, हा प्रश्न त्या गदारोळात बाजूलाच राहिला.

वाइल्डर यांची कुटुंबकथामाला १९३२ ते १९४३ या काळात आठ पुस्तकांतून प्रसिद्ध झाली. पहिले पुस्तक आले तेव्हा लेखिका पासष्ट वर्षांची होती. एका मुलीच्या पाचव्या वर्षापासून तिच्या लग्नापर्यंतचा प्रवास, एक आई, एक वडील, बहिणी आणि सतत हलणारे घर असा या मालेचा आराखडा आहे. मुलींसाठी लिहिल्या गेलेल्या कौटुंबिक कथामालांची परंपरा त्याआधीही होती. लुइझा मे ऑल्कॉट यांच्या मार्च भगिनी शांता शेळके यांच्या ‘चौघीजणी’मुळे मराठी वाचकांच्या ओळखीच्या आहेत आणि त्यांच्याविषयीचा जिव्हाळाही मराठीत काही कमी नाही. तेव्हा हा प्रश्न केवळ अमेरिकी वाचकांच्या भाबडेपणाचा आहे, असे समजण्याचे कारण नाही. लहानपणी वाचलेल्या घरात मोठेपणी परतू पाहणारा वाचक नेमका कोठे परततो, हा तो प्रश्न आहे.

स्मरणरंजनाचे समर्थक सामान्यतः असे गृहीत धरतात की, पुस्तक निरागस असते आणि त्याभोवती आठवणींचे मोहोळ वाचक नंतर जमवतो. वाइल्डर यांच्या बाबतीत हे गृहीतक टिकत नाही. येथे स्मरणरंजन संहितेच्या घडणीतच आहे. १९३० साली त्यांनी ‘पायोनिअर गर्ल’ हे आत्मकथन प्रौढ वाचकांसाठी लिहिले. त्याला प्रकाशक मिळाला नाही. ते ग्रंथरूपाने प्रसिद्ध व्हायला २०१४ साल उजाडावे लागले. त्याच सामग्रीतून, कन्या रोझ वाइल्डर लेन यांच्या संपादकीय साहाय्याने, मुलांसाठीची माला सिद्ध झाली. या दोन संहिता शेजारी ठेवल्या की गाळणी कशी चालली ते दिसते. १८७५ साली जन्मलेला आणि नऊ महिन्यांचा होऊन गेलेला भाऊ मालेत जन्मतच नाही. आयोवातील बर्र ओक या गावी कुटुंबाने हॉटेलात काढलेले दिवस आणि भाड्याची बाकी मागे ठेवून रातोरात तेथून केलेले प्रयाण यांनाही मालेत जागा नाही. टोळधाडीने पिके खाल्ल्यानंतर १८७५ साली पिठाची सरकारी मदत मिळावी म्हणून आपण पूर्णतः निर्धन आहोत असे वडिलांना लिहून द्यावे लागले होते. मालेतील वडील असे काही लिहून देत नाहीत.

कादंबरी म्हणजे नोंदवही नव्हे, निवड हा लेखकाचा अधिकारच आहे, असा आक्षेप येथे घेतला जाईल. तो मान्यच आहे. प्रश्न निवडीच्या अधिकाराचा नसून निवडीच्या दिशेचा आहे. मृत्यू, कर्ज आणि मदत या तीन गोष्टी वगळल्या की उरते ते स्वतःच्या हिमतीवर उभे राहिलेले, कोणाचे काही देणे नसलेले कुटुंब. महामंदीच्या दशकात, सरकारने नागरिकांच्या निर्वाहाची जबाबदारी घ्यावी की नाही यावर अमेरिकेत कडाक्याचा वाद चालू असताना, अशा कुटुंबाचे चित्र निरुपद्रवी राहणे शक्य नव्हते. रोझ लेन या रूझवेल्ट यांच्या आर्थिक धोरणाच्या कट्टर विरोधक होत्या. व्यक्तिस्वातंत्र्यवादी चळवळीने पुढे आपल्या मूळ ग्रंथांत गणलेले त्यांचे ‘द डिस्कव्हरी ऑफ फ्रीडम’ हे पुस्तक आणि मालेतील आठवे पुस्तक ही दोन्ही एकाच वर्षी, १९४३ साली, प्रसिद्ध झाली.

वास्तवात या कुटुंबाच्या वाटचालीत शासनसंस्था पावलोपावली हजर आहे. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने १६० एकर जमीन जवळजवळ विनामूल्य मिळे. वडिलांना रोख पगार मिळाला तो रेल्वेच्या कामावर. अंध झालेल्या मेरीच्या आयोवातील शिक्षणाचे शुल्क डकोटा प्रदेशाच्या प्रशासनाने भरले. कथेत मात्र मेरीचे शिक्षण हे लॉराने दिवसाला पंचवीस सेंटवर शिवलेल्या सदऱ्यांचे आणि नंतर पत्करलेल्या शिक्षिकेच्या नोकरीचे फळ म्हणून येते. गंमत अशी की, संहिता स्वतःच्या तत्त्वज्ञानाला पुरती उतरत नाही. १८८०-८१ च्या हिवाळ्यावरील ‘द लाँग विंटर’मध्ये आगगाडी बंद पडताच सारे गाव उपासमारीच्या काठावर येते. जिवावर उदार होऊन दोघा तरुणांनी गहू आणल्यावर दुकानदार तो चढ्या भावाने विकू पाहतो, तेव्हा गावकरी त्याला अडवतात. स्वावलंबनाचा जयघोष करणाऱ्या मालेतील हे सर्वांत प्रभावी पुस्तक प्रत्यक्षात परावलंबनाचे आणि सामूहिक नियमनाचे पुस्तक आहे. स्मरणरंजनाला त्यातले फक्त गवताचे पेंढे वळून पेटवलेली शेगडी आठवते.

जमिनीचा प्रश्न याहून गंभीर आहे. १८६९ साली हे कुटुंब कॅन्ससमध्ये जेथे वसले ती जमीन ओसेज जमातीच्या राखीव क्षेत्रातील होती. तेथे घर बांधण्याचा कोणताही कायदेशीर अधिकार त्याला नव्हता. १८७० साली ओसेजांना ती जमीन विकण्यास राजी व्हावे लागले आणि त्यांना आजच्या ओक्लाहोमात जावे लागले. ‘लिटल हाऊस ऑन द प्रेअरी’ या १९३५ च्या पुस्तकात हे घर इंडिपेन्डन्स या गावापासून चाळीस मैलांवर आहे. प्रत्यक्षात ते सुमारे तेरा मैलांवर होते. हे वाढवलेले अंतर सहज म्हणून सोडून देता येत नाही. माळरान जितके रिकामे दिसेल तितके घर निष्पाप दिसते. पुस्तकाच्या पहिल्या आवृत्तीत तर त्या प्रदेशात माणसे नाहीत, केवळ इंडियन आहेत, अशा अर्थाचे विधान होते. एका वाचकाच्या तक्रारीनंतर १९५३ च्या आवृत्तीत ‘माणसे’ या शब्दाच्या जागी ‘वसाहतकार’ हा शब्द घालण्यात आला. सतरा-अठरा वर्षे हे विधान कोणाला खटकले नाही, असे म्हणण्याचा मोह होईल. ते ज्यांना खटकत होते त्यांचे वाचन साहित्यव्यवहारात मोजलेच जात नव्हते, असे म्हणणे अधिक अचूक ठरेल.

आणि तरीही या पुस्तकात एक मुलगी आहे आणि ती प्रश्न विचारते. आईला इंडियन आवडत नाहीत, तर मग आपण त्यांच्या मुलखात आलोच कशाला, असे लॉरा आईला विचारते. हा मुलूख त्यांचा आहे की नाही हे आईला ठाऊक नसते. ते फार काळ येथे राहणार नाहीत एवढेच ती सांगते. पुढे, सरकार या लोकांना पश्चिमेकडे जायला लावणार का, स्वतःच्या जमिनीवरून हुसकल्याचा त्यांना राग येणार नाही का, असे ती वडिलांना विचारू लागते. वडील प्रश्न पुरे म्हणून तिला झोपायला सांगतात. ओसेजांची रांग घरासमोरून जाते तेव्हा घोड्यावरील एका अर्भकाच्या डोळ्यांत डोळे घालून ती ते मूल हवे म्हणून हट्ट धरते आणि का हवे ते तिला सांगता येत नाही. हा हट्ट निरागस नाही. दुसऱ्याचे ते आपल्याला मिळावे ही वसाहतीची इच्छाच त्यात मुलीच्या तोंडून बोलते. पण त्याच वेळी, निघून जाणाऱ्यांविषयीचा जो हुंदका घरातील कोणाही प्रौढाला परवडणारा नाही तो तिच्या गळ्यातून बाहेर पडतो.

स्मरणरंजनाचा खरा अपराध येथे आहे. आपण लहानपणीच्या लॉराकडे परत जात आहोत, असे स्मरणरंजनवादी वाचक मानतो. वास्तविक त्याने आईवडिलांची जागा घेतलेली असते. या पुस्तकाविषयी प्रश्न विचारू नका, झोपा आता, असे तो नव्या वाचकांना सांगत असतो. १९९८ साली मिनेसोटातील एका शाळेत हे पुस्तक वर्गात वाचले जात असताना त्यातील इंडियनांविषयीचे एक कुप्रसिद्ध वाक्य ऐकून एक डकोटा मुलगी रडत घरी गेली. ते वाक्य शेजारणीच्या तोंडी आहे, वडिलांना ते मान्य नाही, असा खुलासा अशा वेळी तत्परतेने केला जातो. खुलासा खरा आहे आणि अपुरा आहे. पात्राचे मत आणि लेखिकेचे मत यांतील अंतर आठ वर्षांच्या मुलीला समजावून देण्याची जबाबदारी कोणी घेतली होती? आपले बालपण सुरक्षित राहावे म्हणून दुसऱ्या मुलीने आपले बालपण खर्ची घालावे, ही मागणी स्मरणरंजनाच्या गोड भाषेत दडलेली असते.

मुलीच्या रागाचेही तसेच. सोनेरी केस अधिक सुंदर असतात असे मेरी म्हणते तेव्हा लॉरा तिच्या थोबाडीत मारते आणि वडिलांच्या हातचा पट्टा खाते. ऊन लागून वर्ण इंडियनांसारखा होईल म्हणून आई टोपी घालायला लावते, ती लॉराच्या पाठीवर लोंबत राहते. शिवणकाम तिला मनापासून नकोसे आहे. लग्नाच्या शपथेत आज्ञापालनाचे वचन देण्यास ती तयार नाही. आठव्या पुस्तकात, पंधराव्या वर्षी शिकवायला गेली असता, ती ज्या घरात राहते तेथील गृहिणी रात्री हातात सुरी घेऊन नवऱ्यासमोर उभी राहते आणि पूर्वेकडे परत नेण्याची मागणी करते. पडद्याआड लॉरा जागी असते. माळरानावरचे हेही एक छोटेसे घरच आहे. मालेच्या नावावर पोसलेल्या साऱ्या रम्य आठवणींमध्ये या घराला सहसा प्रवेश नसतो. मुलींच्या वाचनाचा कैवार घेणाऱ्यांनी मुलीचा राग आणि स्त्रीचा आकांत गाळून टाकावा आणि लोणी घुसळणे तेवढे ठेवावे, हा कैवार विचित्र आहे.

दुसऱ्या बाजूचीही झाडाझडती आवश्यक आहे. पुरस्काराचे नाव बदलणे हा त्या विभागाचा अधिकार होता आणि निर्णय समर्थनीय होता. परंतु नाव उतरवले म्हणजे वाचन झाले, असे मानणारी समीक्षा १९५३ मधील त्या शब्दबदलाचीच पुनरावृत्ती करते. ‘माणसे’च्या जागी ‘वसाहतकार’ आले; रिकाम्या माळरानाची कल्पना, तिच्यावर उभे राहिलेले घर आणि घरासमोरून आपणहून जात असल्यासारखी जाणारी माणसे तशीच राहिली. शिवाय मुलींच्या कथामालांना समीक्षेने फार काळ गांभीर्याने घेतलेच नाही. या मालेतील पाच पुस्तकांना न्यूबेरी सन्मान मिळाला, तरी त्यांची चर्चा ग्रंथपाल आणि शिक्षक यांच्यावर सोपवून साहित्यसिद्धान्त मोकळा झाला होता. जे गंभीर मानले नाही त्याची चिकित्सा झाली नाही आणि जेथे चिकित्सा झाली नाही तेथे केवळ प्रेम उरले. स्मरणरंजन फोफावले ते समीक्षेने पडीक ठेवलेल्या जमिनीवर. कॅरोलाइन फ्रेझर यांच्या ‘प्रेअरी फायर्स’ या २०१७ च्या चरित्रग्रंथाने दारिद्र्याचा आणि कर्जाचा तपशील मांडला, त्याने वाइल्डर लहान झाल्या नाहीत. मालेतील प्रत्येक जेवणाच्या वर्णनामागची भूक तेवढी दिसू लागली.

याहून मोलाचे उत्तर सर्जनाच्या क्षेत्रातून आले. ओजिब्वे परंपरेतील लेखिका लुईज एर्ड्रिक यांनी १९९९ साली ‘द बर्चबार्क हाऊस’ लिहिले आणि त्यातून एक माला उभी केली. सुपिरिअर सरोवरातील बेटावर १८४७ साली राहणारी ओमाकायाज ही मुलगी, तिची भावंडे, आजी, ऋतुचक्राप्रमाणे होणारी कामे, अन्नाची साठवण आणि गोष्टी असा याही मालेचा आराखडा आहे. वाइल्डर यांचाच साचा त्यांनी वापरला आहे, कारण घर आणि बालपण यांवर त्यांच्या लोकांचाही तितकाच हक्क आहे. या घरात देवीची साथ शिरते आणि लेखिका तिला दाराबाहेर ठेवत नाही. उबदार कुटुंबकथेसाठी वगळणे अटळ असते हा युक्तिवाद या एका पुस्तकाने निकालात काढला आहे.

‘नॉस्टॅल्जिया’ हा शब्द १६८८ साली योहानेस होफर या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने रोगाचे नाव म्हणून घडवला. स्वेतलाना बॉइम यांनी २००१ साली त्याचे दोन प्रकार सांगितले: हरवलेले घर पुन्हा उभारू पाहणारा आणि हरवलेपणावर चिंतन करणारा. ही विभागणी उपयुक्त आहे, परंतु वाइल्डर यांच्या वाचकाला ती सरळ लागू होत नाही. कारण ज्या घरासाठी तो झुरतो त्यात तो कधी राहिलेलाच नव्हता आणि ज्या कुटुंबाने ते बांधले त्यालाही ते सोडावे लागले होते. त्या घराखालच्या जमिनीवरून आणखी कोणी उठवले गेले होते. २०२५ साली नेटफ्लिक्सने या मालेवर नवी दूरचित्रवाणी मालिका जाहीर केली. १९७४ ते १९८३ या काळातील जुन्या मालिकेप्रमाणे तीही नव्या आठवणी निर्माण करील. तेव्हा पुस्तके कपाटातून काढावीत की ठेवावीत, हा वाद दुय्यम आहे. ती वाचली जाणारच. वाचताना वडिलांनी अर्ध्यावर थांबवलेला मुलीचा प्रश्न पुरा करू दिला जाईल काय, यावर त्या वाचनाची प्रामाणिकता ठरेल.