रात्रभर वाजणारा मोबाईल



थेरगावात डांगे चौकाजवळच्या आमच्या गल्लीत आता बऱ्याच दारांवर छोटा कॅमेरा दिसतो. शेजारच्या वहिनींनीही गेल्या पावसाळ्यात ओव्हरटाइमच्या पैशातून एक बसवून घेतला. दादा चाकणच्या कारखान्यात आहेत. रातपाळी लागली की घरात राहतात वहिनी, सासूबाई आणि दोन मुले. दारासमोर काही हलले की मोबाईल वाजेल, एवढाच आधार.

पण मोबाईल वाजायला लागला तो थांबेचना. दोरीवरची साडी हलली, वाजला. गल्लीतून मोटारसायकल गेली, वाजला. पावसाची सर आली, वाजला. एका रात्रीत पन्नास वेळा! पहाटे पाचला उठून मुलांचे डबे करणारी बाई किती वेळा उठून बघणार? आठव्या दिवशी त्यांनी आवाज बंद केला. पुढे पंधरा दिवसांनी जिन्याखालचा भरलेला सिलिंडर गेला. चित्रण पाहायचे सुचेपर्यंत आठवडा उलटला होता. कार्ड भरले की कॅमेरा जुने पुसून त्यावर नवे घेतो. त्या रात्रीचे काहीच उरले नव्हते. वर सासूबाईंचा टोमणा, "एवढा कॅमेरा लावला आणि बाई झोपली!"

दोष वहिनींचा नव्हता. बसवणारा मुलगा भिंतीला भोके पाडून, मोबाईलवर चित्र दाखवून निघून गेला होता. कॅमेऱ्याला काय बघायचे आणि काय सोडायचे, हे कोणी सांगितलेच नव्हते.

साधा कॅमेरा माणूस ओळखत नाही. तो आत्ताचे चित्र आधीच्या चित्राशी ताडून बघतो. चित्रातले पुरेसे ठिपके बदलले की "हालचाल झाली" असे समजतो. मग ती साडी असो, सावली असो की गाडीचा उजेड. रात्री कॅमेरा आपल्याला न दिसणारा अवरक्त उजेड टाकतो. त्या उजेडात भिंगाजवळून उडणारा चिलटाएवढा किडाही मोठा पांढरा ठिपका होऊन जातो. कोळ्याचे जाळे तर झुंबरासारखे चमकते.

रविवारी वहिनी, त्यांची आठवीतली मुलगी आणि मी असे तिघे बसलो. तासाभरात झालेली कामे अशी :

१. भिंग मऊ कापडाने पुसले, भोवतीचे जाळे काढले. हे दर पंधरा दिवसांनी करावे. कपड्यांची दोरी बाजूला घेतली.

२. कॅमेरा आठ फुटांवर, थोडा खाली झुकवून लावला. समोरचा दिवा थेट भिंगात येऊ देऊ नये. माणूस सरळ कॅमेऱ्याकडे चालत येण्यापेक्षा चित्रात आडवा गेला तर लवकर पकडला जातो. विशेषतः अंगाची उष्णता ओळखून चालणाऱ्या कॅमेऱ्यात.

३. मोबाईलमधल्या ॲपमध्ये 'झोन' आखता येतो. आपले दार, जिना आणि पायरी एवढाच भाग ठेवला. रस्ता वगळला.

४. 'सेन्सिटिव्हिटी' एकेक पायरीने कमी केली. दर वेळी मुलगी जिन्यावरून चालून गेली. मोबाईल वाजेनासा झाला, तिथून एक पायरी परत वाढवली. ही परीक्षा रात्रीच्या अंधारातही घ्यावी, कारण दिवसाचे माप रात्री चालत नाही.

५. 'ह्यूमन डिटेक्शन' म्हणजे माणूस ओळखण्याची सोय असेल तर चालू करावी. ती सगळ्याच कॅमेऱ्यांत नसते आणि कधीमधी चुकतेही. चाचणी घेऊनच भरवसा ठेवावा.

६. मोबाईल वाजण्याची वेळ रात्री अकरा ते सकाळी सहा ठेवली. चित्रण मात्र चोवीस तास चालू. काही घडले तर त्याच दिवशी ते मोबाईलमध्ये उतरवून घ्यावे.

७. कॅमेऱ्यासोबत आलेला पासवर्ड बदलला. २०१६ साली 'मिराई' नावाच्या घातक प्रोग्रॅमने असेच मूळ पासवर्ड वापरून जगभरातले हजारो कॅमेरे ताब्यात घेतले होते.

झोन आखताना आणखी एक गोष्ट पाहिली. समोरच्या ताईंचे दार चित्रात येत होते. तेही झाकले. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने सांगितले की, खाजगीपणा हा संविधानाच्या कलम २१ मधला मूलभूत हक्क आहे. आपल्या सुरक्षेसाठी शेजारणीच्या येण्या-जाण्यावर नजर ठेवणे शोभत नाही.

"हे बाई माणसाचं काम नव्हे," असे कोणी म्हणेल. त्यांना न्यूयॉर्कच्या मेरी व्हॅन ब्रिटन ब्राउन यांची गोष्ट सांगावी. ही कृष्णवर्णीय परिचारिका. नवरा इलेक्ट्रॉनिक्सचा कारागीर. दोघांच्याही कामाच्या वेळा वेड्यावाकड्या. घरी एकटे असताना भीती वाटे, आणि बोलावले तरी पोलीस लवकर येत नसत. मेरीबाईंनी नवऱ्याच्या मदतीने दाराला वरखाली सरकणारा कॅमेरा, आतल्या खोलीत पडदा आणि मदत मागायचे बटण अशी योजना आखली. १९६६ साली अर्ज केला. २ डिसेंबर १९६९ रोजी पेटंट मिळाले. घरच्या कॅमेऱ्याची आजची अनेक घराणी तिथपर्यंत मागे जातात. रात्री घरात जिला राहायचे होते, तिनेच तो घडवला.

म्हणून भगिनींनो, बसवणाऱ्याला चहा देऊन लगेच वाटेला लावू नका. झोन कसा आखायचा, आवाज कसा कमी-जास्त करायचा, चित्रण कसे उतरवायचे, हे आपल्या हाताने करून बघा, मगच पैसे द्या. घरातल्या मुला-मुलींना शेजारी बसवा. आणि दाराशी खरेच कोणी खटपट करताना दिसले तर दार न उघडता ११२ ला फोन लावा.

त्या रविवारी रात्री वहिनींचा मोबाईल दोनदाच वाजला. एकदा वरच्या मजल्यावरचे भाऊ दुसऱ्या पाळीहून आले तेव्हा, आणि पहाटे दूधवाला आला तेव्हा. दोन्ही वेळा वहिनींनी उठून पाहिले. सकाळी सासूबाईंनी विचारले, "तो लाल दिवा कशाचा गं?" वहिनींनी मोबाईल त्यांच्या हातात दिला आणि त्यांनाही दाखवून दिले.