दप्तरातले गुन्हे, दप्तराबाहेरचे गुन्हे

कोडोली (ता. पन्हाळा) - पोलिस दप्तरातील आकडे घडलेल्या गुन्ह्यांचे नसतात, नोंदविल्या गेलेल्या गुन्ह्यांचे असतात. हा भेद कोडोली पोलिस ठाण्याच्या हद्दीतील वारणानगर प्रकरणाइतका स्पष्टपणे क्वचितच दिसला असेल.

मार्च 2016 मध्ये सांगली पोलिसांच्या स्थानिक गुन्हे अन्वेषण शाखेने मिरजेत एका संशयिताकडून तीन कोटींहून अधिक रोकड हस्तगत केली. ती वारणानगरच्या शिक्षक वसाहतीतील खोलीतून चोरल्याचे तपासात पुढे आले. तपासासाठी तेथे गेलेल्या पोलिसांनीच आणखी 9 कोटी 18 लाख रुपये लांबविल्याचा आरोप नंतर झाला. त्याचा गुन्हा कोडोली ठाण्यात एप्रिल 2017 मध्ये दाखल झाला आणि तपास सीआयडीकडे गेला. आरोपांचा निवाडा हा न्यायालयाचा विषय. मात्र फिर्याद खरी मानल्यास, ही चोरी वर्षभर कोणत्याच तक्त्यात नव्हती. दप्तरात होती ती जप्तीची कामगिरी! गुन्हा मोजला जातो तोही दाखल झालेल्या वर्षात. त्यामुळे 2016 ची घटना 2017 च्या खाती पडली.

कोट्यवधींची ही गत, तर विहिरीवरील मोटारीची केबल कापून नेली म्हणून ठाण्याची पायरी कोण चढणार? चढलाच, तर हद्दीचा प्रश्न उभा राहू शकतो. वारणेपलीकडे सांगली जिल्हा सुरू होतो. चोरीस गेलेला मोबाइल 'गहाळ' म्हणून नोंदला गेला, की आकडेवारीपुरता गुन्हाच संपला.

दखलपात्र गुन्ह्याची नोंद बंधनकारक असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने ललिताकुमारी खटल्यात 2013 मध्ये स्पष्ट केले. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने कोणत्याही हद्दीत फिर्याद देण्याची मुभा दिली. ऑनलाइन तक्रारीवर तीन दिवसांत स्वाक्षरी केली की तिची नोंद होते. या तरतुदी प्रामाणिकपणे पाळणाऱ्या ठाण्याचा आलेख चढेल आणि टाळाटाळ करणारे ठाणे शांत दिसेल. अधिकाऱ्याचे मूल्यमापन याच आलेखावर होणार असेल, तर नोंदीचा उत्साह त्याने कोठून आणावा?

इंग्लंड व वेल्समध्ये 1982 पासून घरोघरी जाऊन, पोलिसांत न गेलेल्या गुन्ह्यांचीही विचारणा होते. भारतात राष्ट्रीय पातळीवर असे नियमित सर्वेक्षण होत नाही. त्यामुळे ठाण्याचा उतरता आलेख पडताळून पाहावा, असे दुसरे मापही उपलब्ध नाही.